शेरवडीचं पाचवं निदल

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सावंतवाडीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला बांधायचं सामान घेऊन गावोगावच्या बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. कवंडळं, हरणं, कांगलं आणि शेरवडीच्या जुड्या. या जुड्यांत फूल औषधाला सापडलं तर सापडलं. "फुलां खंय गेली?" म्हणून विचारा, मावशी वर न बघता सांगते, "फुलां कित्याक व्हयी? पानां बघा कशी पांढरी आसत!"

मावशीचं बरोबरच आहे. शेरवडीलासुद्धा आपल्या फुलाचा फारसा भरवसा नसावा. फूल वाईट नाही: इंचभर नळी, टोकाला पाच पाकळ्यांची केशरी चांदणी. पण श्रावणातल्या अंधारलेल्या रानात एवढीशी चांदणी बघणार कोण? म्हणून फुलाखालच्या पाच निदलांपैकी चार गुमान दोऱ्यासारखी बारीक राहतात आणि पाचवं सुटतं. त्याला देठ येतो, शिरा येतात आणि त्याचं चांगलं तळहाताला झाकू पाहणारं पांढरंशुभ्र पान होतं. तेही घोसातल्या थोड्याच फुलांना. बाकीची आयत्या पिठावर रेघोट्या ओढतात. आंबोलीच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून जे पांढरं पांढरं दिसतं, ते फूल नव्हेच, फुलाची जाहिरात.

जाहिरात फुलपाखरांसाठी. नळीच्या तळाशी मध आहे आणि तिथवर पोचायला लांब सोंड लागते. शिवाय यातही एक मेख आहे. एका झुडपावरची फुलं एकतर सगळी लांब कुक्षीवृंताची (म्हणजे फुलातल्या मादी दांडीची), नाहीतर सगळी आखूड. सगळं झुडूप जणू सगोत्र. सोयरीक जुळवायची तर पलीकडचंच झुडूप गाठायला हवं. मध्यस्थ अर्थातच फुलपाखरू, आणि त्याचं मानधन आगाऊ.

कमांडर नावाचं फुलपाखरू तर पोरंही इथेच वाढवतं. त्याची अळी पान टोकाकडून खाते, पण मधली शीर शाबूत ठेवते. त्या उघड्या शिरेवर स्वतःच्याच विष्ठेचे कण चिकटवून वाळक्या काडीसारखी पडून राहते. पाहुण्यांना सांगण्याजोगं वर्णन नाही हे, पण पक्षी फसतात.

नावाची मात्र पंचाईत आहे. आपण शेरवड म्हणतो, कुठे भूतकेस म्हणतात. सतराव्या शतकात मलबारच्या डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीडने 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये तिच्या गोतावळ्याला 'बेलिला' म्हटलं. १७५३ साली लिनिअसने 'मुसेंडा' हे नाव रूढ केलं. आपल्या शेरवडीला मुसेंडा फ्रॉन्डोसा म्हणावं, ग्लाब्राटा की बेलिला, यावर पुस्तकांचं अजून एकमत नाही. कुळ मात्र ठरलेलं: कदंबाचं, म्हणजे कॉफी आणि पेंडगूळही भाऊबंद. समोरासमोरची पानं आणि देठांच्या मधोमध बारीकशी उपपर्णं, ही घराण्याची खूण तिच्याकडेही आहे.

हल्ली बंगल्यांच्या फाटकाशी नर्सरीतला मुसेंडा दिसतो. फिलिपिन्समध्ये नावारूपाला आलेल्या या बागायती जातींत पाचही निदलं फुगलेली, पांढरी नाहीतर गुलाबी, झाड नुसतं लदबदलेलं. बी मात्र सहसा धरत नाही. दुकानच नाही आणि पाट्या पाच! त्यासाठी लोक पैसे मोजतात, आणि कुंपणाला फुकट आलेली शेरवड 'झाडी वाढली' म्हणून गणपतीआधीच्या साफसफाईत छाटतात. मग तिचीच जुडी बाजारातून विकत आणतात.

तेव्हा यंदा कोयता घेऊन माणूस आला की त्याला कुंपणाची शेरवड आधी दाखवून ठेवा. माटवीपुरत्या चार फांद्या हातानं मोडून घ्या, बाकीची राहू द्या. आणि पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका, ती कमांडरच्या अळीने खाल्लेली असण्याची शक्यता आहे.