मागचा एक्सल

सोसायटीत कुणी नवी गाडी आणली की सगळे बॉनेटभोवती जमतात. अण्णा मात्र मागच्या चाकाशी उकिडवे बसतात. मान वाकडी करून खाली बघतात, 'हं' म्हणतात आणि पेढा घेतात. त्या 'हं'मध्ये मालकाची निम्मी हौस जिरते.

अण्णा पिंपरीच्या टेल्कोतून निवृत्त झाले. (टाटा मोटर्स म्हटलेलं त्यांना खपत नाही.) त्यांच्याकडे महिंद्राची जुनी पेट्रोल जीप आहे, सीजे थ्री बी, उंच बॉनेटवाली. तिचं इंजिन थकलं म्हणून त्यांनी भोसरीतून टेम्पो ट्रॅव्हलरचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन आणलं. मूळ घराणं मर्सिडीजचं. त्यामुळे "आमच्याकडे मर्सिडीज आहे," असं अण्णा पाहुण्यांना सांगतात आणि "हो, गोणपाटाखाली," असं वहिनी आतून पुरं करतात.

इंजिन बसवणं हे दुय्यम काम. खरा प्रश्न, ते इंजिन मागच्या एक्सलला सोसेल का? अण्णांचा हिशेब बिनतोड असतो. समजा, इंजिनातून २०० न्यूटन-मीटरचा पीळ निघाला. पहिल्या गेरात तो चौपट झाला. क्राऊनला दात ४३, पिनियनला ८, म्हणजे आणखी ५.३८ पट. झाले ४३०४. लो गेर टाकला की पुन्हा २.४६ पट. "दहा हजारांच्या वर गेलं! आणि हे सगळं कुणी सोसायचं? त्या बिचाऱ्या शाफ्टनं." हे ते अशा स्वरात सांगतात की ऐकणाऱ्याला शाफ्टच्या घरी भेटून यावंसं वाटतं.

जुनी तक्रार वेगळीच. लढाईतल्या विलीज जीपचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग होता. गाडीचं वजन हौसिंगवर, शाफ्टनं फक्त फिरवायचं. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर. पुढे नागरी जीपला सेमी फ्लोटिंग आला, म्हणजे वजनही शाफ्टनंच पेलायचं आणि पीळही त्यानंच खायचा. "लष्कराला एक न्याय नि आपल्याला दुसरा!" हा अन्याय अण्णांनी फार मनाला लावून घेतलाय.

मग दुसऱ्या एक्सलचा शोध सुरू झाला. रविवार आणि बुधवार जुना बाजार, इतर दिवशी नाना पेठ. खिशात टेप, कमरेला व्हर्नियर. १९८६ साली आलेल्या टेल्कोच्या ४०७ वर त्यांचा विशेष जीव, म्हणून तिचा एक्सल बघितला. दणकट होता, पण चाकं मडगार्डच्या बाहेर आली असती. कापून लहान करावा, तर वेल्डिंगनं हौसिंग वाकतं, आणि शाफ्ट तोकडा केला की स्प्लाइन नव्यानं पाडा, पुन्हा हार्डनिंग करा. एवढंही अण्णांनी केलं असतं. पण जीपचा जॉइंट शाफ्ट निघतो उजव्या अंगानं आणि ४०७ चा डिफरन्शियल साधारण मधोमध. शाफ्ट तिरका गेला असता. तिरकेपणा अण्णांना फक्त बोलण्यात चालतो.

नाना पेठेतल्या मिस्त्रीनं एकदा त्यांना शांतपणे समजावलं, "साहेब, कुठंतरी तुटायलाच पाहिजे. एक्सलचा शाफ्ट तुटला तर रस्त्यात बदलता येतो. तो नाही तुटला तर जॉइंटचा क्रॉस तुटेल. क्रॉस टिकला तर गेरबॉक्स जाईल." माझ्या मते पुण्यात इतकं शहाणं वाक्य बऱ्याच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. अण्णांनी मात्र ते खरेदीची यादी समजून डायरीत उतरवलं: क्रॉस, मग गेरबॉक्स.

त्यातच कुणीतरी आठवण करून दिली की गाडी फोर बाय फोर आहे. मागचं रेशो बदललं तर पुढचंही तेच हवं, नाहीतर डांबरी रस्त्यावर फोर व्हील टाकताच पुढची चाकं एक म्हणतील, मागची दुसरं. तेव्हापासून अण्णा पुढचाही एक्सल शोधताहेत. तळमजल्यावरच्या वकिलांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही म्हणाले, सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २०१९ चा निकालही सांगितला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "एक्सल तर मिळू दे. मग बघू आरटीओचं."

जीप घोड्यांवर उभी आहे. भाजी आणायला वहिनी स्कूटर काढतात आणि अण्णा मागे बसतात. बसण्यापूर्वी मागच्या चाकाकडे बघतातच.

परवा मुळशीचा एक माणूस जीप विकत मागायला आला. भाव चांगला होता. वहिनींनी चहा टाकला, बिस्किटंही क्रीमची काढली.

"नेणार कुठे?" अण्णांनी विचारलं.

"ताम्हिणीच्या अलीकडे रिसॉर्ट आहे माझं."

"म्हणजे चढ आला. या एक्सलवर नाही जमायचं."

"अहो काका, चालवायची नाहीच. दारात शोभेला उभी करायचीय."

अण्णांनी कप खाली ठेवला. "उभ्या गाडीचं वजन कुठे जातं? ते एक्सलवरच येतं ना?" मग डायरी उघडून पेन काढलं. "जमीन कशी आहे तिथली? उतार किती?"