पहाटेच्या अप्परवाल्यास खुले पत्र

प्रति,
पहाटे अप्पर लावून उलट्या बाजूने येणारे गाडीवाले भाऊ,
धुळे–जळगाव महामार्ग, मार्गे पारोळा.

‘सप्रेम नमस्कार’ लिहीत नाही, कारण तुमच्याबद्दल प्रेम उरलेले नाही. तुमचे नाव ठाऊक नाही. गाडीचा नंबर कधी वाचता आला नाही, कारण तुम्ही समोर आलात की दोन दिव्यांपलीकडे काही दिसतच नाही. कधी तुम्ही मोटारीत असता, कधी पिकअपमध्ये, कधी वाळूच्या डंपरवर. वाहन बदलते, खोड तीच.

आम्ही कोण ते आधी सांगतो. आम्ही पारोळ्यात पहाटे धावणारी माणसे. कोणी शाळेत शिकवतो, कोणी बँकेत बसतो, कोणाचे कापडाचे दुकान आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे-पोरीही याच रस्त्यावर असतात. भरतीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर आणि राज्य राखीव दलासाठी 5 किलोमीटर धावावे लागते. आमच्यापैकी काहींना जळगावच्या ‘खान्देश रन’मध्ये 21 किलोमीटर पळायचे असतात, तर काहींचा डोळा जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनवर असतो.

21 किलोमीटर पळायचे तर आठवड्यातून एकदा 16–18 किलोमीटरची लांब धाव घ्यावीच लागते. किलोमीटरला सात मिनिटे धरली तरी 18 किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ जातो. सरकारी कचेरी पावणेदहाला उघडते. त्याआधी अंघोळ, डबा, मुलांची शाळा आणि अमळनेर किंवा धुळ्याची एसटी गाठायची. शनिवारी तर शाळाच सकाळची. म्हणून पाचच्या आत घर सोडावे लागते. संध्याकाळी का नाही, असे विचाराल, तर एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की आमच्या खान्देशात संध्याकाळी सातलाही डांबर भाजते. हिवाळ्यात हवा छान असते, पण जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अख्खी धाव अंधारात होते. नोकरी करणाऱ्या माणसाला स्वतःसाठी दिवसातली एवढीच वेळ मिळते आणि तुम्ही तीच हिरावून घेता.

आता तुमची करामत. पायी चालणाऱ्याने आणि धावणाऱ्याने रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे जावे, हे आम्ही पाळतो. अंगावर चमकपट्टीचे जाकीट असते, दंडाला लुकलुकणारा लाल दिवा असतो. कानात काही घालत नाही. एवढे सगळे तुम्ही दोन मिनिटांत निकामी करता. समोरून आलात तर अप्पर थेट आमच्या डोळ्यांत. तुम्ही निघून गेल्यावरही काही क्षण डोळ्यांपुढे नुसता पांढरा ठिपका राहतो. साइडपट्टी कुठे संपते, खड्डा कुठे आहे, काही कळत नाही. आणि चौपदरी रस्ता झाल्यापासून दुभाजकातल्या पुढच्या कटापर्यंतचा वळसा वाचवायला तुम्ही राँग साइडने येता, म्हणजे आमच्या पाठीमागून. ज्या दिशेने वाहन येणारच नाही अशी कायद्याची हमी आहे, तिथून तुम्ही येता. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. मागे वळून पाहायलाच एक सेकंद लागतो.

यंदाच्या थंडीत असेच झाले. आम्ही तिघे एका ओळीत होतो. मागून उजेड आला आणि आमच्याच सावल्या पुढे लांबच लांब धावू लागल्या. सगळ्यात मागचा ओरडला, आम्ही साइडपट्टीवरून खाली उड्या टाकल्या. बाभळीचे काटे तळहातात घुसले, एकाचा घोटा मुरगळला. गाडी थांबली नाही, हळूही झाली नाही. हॉर्न मात्र लांबलचक वाजला, जणू चूक आमची होती.

तुमचे ठरलेले उत्तर आम्हाला पाठ आहे: “पळायचंच असेल तर मैदानावर पळा.” 18 किलोमीटर म्हणजे 400 मीटरच्या मैदानाच्या 45 फेऱ्या. बरे, दिवे लावून पहाटे पाचला उघडे असणारे तसे मैदान तालुक्याच्या गावी कुठे आहे, तेही सांगा. आणि रस्ता सोडायचाच तर तो आम्हीच का सोडावा? याच कडेने पहाटे दूधवाले जातात, शेतमजूर बाया जातात, वारीच्या दिंड्या जातात. त्यांनाही मैदानावर पाठवणार का?

कायदा तुमच्या बाजूने नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 नुसार वाहतुकीच्या उलट दिशेने जाणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरू शकते. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा 1000 ते 5000 रुपये दंड किंवा दोन्ही. कोणाला लागले तर थांबून त्याला दवाखान्यात पोचवण्याची सोय करणे कलम 134 ने तुमच्यावर बंधनकारक आहे.

मार्च 2023 मध्ये मुंबईत वरळी सी फेसवर सकाळी धावायला निघालेल्या एका महिलेला भरधाव मोटारीने उडवले. ती वाचली नाही. जुलै 2025 मध्ये जालंधरजवळ फौजा सिंग रस्ता ओलांडत होते. शंभराव्या वर्षी टोरंटोची मॅरेथॉन पुरी केलेला, 114 वर्षांचा हा धावपटू म्हातारपणाने नाही, वाहनाच्या धडकेने गेला आणि चालक पळून गेला. जगभर धावलेल्या माणसाला आपल्या गावचा रस्ता पार करता आला नाही, ही आपल्या सगळ्यांची लाज आहे.

आम्ही धावणे सोडणार नाही. पण भरतीची तयारी करणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरचे उद्या म्हणतील, “रस्त्यावर गाड्यांची भीती आहे, नको जाऊ.” त्या दिवशी तिची वर्दी तुम्ही हिसकावलेली असेल, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून मागणे तीनच. समोर माणूस दिसला की डिप्पर द्या. वळसा लांबचा असला तरी आपल्याच बाजूने या. आणि कोणाला धक्का लागलाच, तर थांबा. यातले काहीही करायला तुम्हाला पाच मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाहीत. न केल्यास कोणाचे तरी आयुष्य जाईल.

आपल्याच रस्त्यावरचे,
पारोळ्याचे पहाटेचे धावणारे