‘फक्त आमचंच ॲप’वाल्या साहेबांस खुले पत्र

रा. रा. स्मार्ट उपकरणांचे उत्पादनप्रमुख साहेब यांस,
सा. न. वि. वि.

कंपनीचे नाव लिहीत नाही. पत्र सगळ्यांनाच पोचायला हवे.

प्रथम अभिनंदन. दिवा लावणे हे एका बटणाचे काम. ते आपण ॲप, खाते, ओटीपी, लोकेशनची परवानगी आणि फर्मवेअर अपडेट इतक्या पायऱ्या चढवून दाखवलेत. बल्ब होल्डरमध्ये, मी घरात. मग हरवण्याची भीती नेमकी कोणाची, एवढे मात्र उमगले नाही.

आमच्या हॉलमध्ये एका कंपनीचा बल्ब आहे आणि दुसरीचा दाराचा सेन्सर. दार उघडले की दिवा लागावा, इतकीच माफक इच्छा. पण सेन्सरचा निरोप आधी त्याच्या कंपनीच्या दूरदेशीच्या सर्व्हरकडे जाणार, तिथून बल्बवाल्यांच्या सर्व्हरकडे आणि मग आमच्या छताकडे. वाटणीवरून अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ एकाच ओसरीवर बसून तालुक्याच्या वकिलामार्फत बोलतात, त्यातला प्रकार. तोवर आलेला माणूस अंधारात चपला काढून, टीपॉयला धडकून सोफ्यावर टेकलेलाही असतो. इंटरनेट गेले की वकीलसाहेबही रजेवर.

आपले ग्राहकसेवा केंद्र गोड आवाजात सांगते, “सर, तांत्रिक कारण आहे.” खरे तांत्रिक कारण आम्हाला कळते हो. न्यू जर्सीच्या भाच्याने बॅगेतून आणलेला झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीचा स्विच इथल्या हबशी जुळत नाही, कारण तिकडे तो ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतो आणि भारतात त्याच्यासाठी ८६५चा पट्टा आहे. दोष भाच्याचा, आपला नाही. पण झिगबी आणि थ्रेड या बिनतारी पद्धती तर ८०२.१५.४ या एकाच रेडिओ मानकावर उभ्या आहेत. एकाच झिगबीचे दोन ब्रँडसुद्धा एकमेकांना ओळख देत नाहीत, तेव्हा कारण अँटेनात नसते, गल्ल्यात असते.

दाखला देतो. डिसेंबर २०१५मध्ये फिलिप्सने ह्यू बल्ब जोडणाऱ्या ब्रिजला एक अपडेट पाठवला आणि त्यावर इतर कंपन्यांचे बल्ब नव्याने जोडता येईनासे झाले. ग्राहकांनी आरडाओरडा केला, तसा काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. इतक्या चटकन विरघळणारे तांत्रिक कारण पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात यायला हवे.

रिव्हॉल्वचे तर विचारूच नका. निरनिराळ्या ब्रँडना एकत्र नांदवणारा, सुमारे ३०० डॉलरचा हा हब. नेस्ट कंपनीने २०१४मध्ये तो बनवणारी कंपनीच विकत घेतली आणि मे २०१६मध्ये सर्व्हर बंद केला. ग्राहकाचा हब शाबूत, वीज शाबूत, वायफाय शाबूत. फक्त हब निकामी. विकलेली वस्तू घरात न शिरता परत नेण्याची ही कला चोरांनाही साधलेली नाही.

मग डिसेंबर २०१९मध्ये ॲमेझॉन, ॲपल, गूगल आणि झिगबी अलायन्स एकत्र बसले. ऑक्टोबर २०२२मध्ये ‘मॅटर’ मानकाची पहिली आवृत्ती आली. उपकरणे घरातल्या घरात बोलणार, एकच बल्ब अनेक ॲप्सना ओळखणार. आम्ही पेढे आणायला निघालो होतो. पण फ्रिज आणि झाडू मारणारा रोबो यांना ऑक्टोबर २०२३पर्यंत दाराबाहेर थांबावे लागले आणि कॅमेऱ्याला तर नोव्हेंबर २०२५पर्यंत. जे आत आले, त्यांच्याही बाबतीत आपण हातचे राखलेतच. मॅटरवरून दिवा लागतो, विझतो, मंद होतो. ज्या रंगीबेरंगी करामतींसाठी जादा पैसे मोजले, त्या मात्र ‘आमच्या ॲपमध्येच’. खोक्यावर मॅटरचे चिन्ह ठसठशीत. काय चालणार नाही, याची यादी कुठेच नाही.

म्हणून नम्र विनंती. खोक्यावर तीन ओळी छापा: इंटरनेटशिवाय हे काय करते, दुसऱ्याच्या ॲपमधून काय करते आणि आपला सर्व्हर किती वर्षे चालेल. जागा नाही म्हणू नका. ‘स्मार्ट’ हा शब्द चार ठिकाणी आहे, त्यातले तीन काढा. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळतील हे जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे आणि तिथेही आपलेच खोके विकले जातात.

उत्तर साध्या पोस्टाने धाडा. लिफाफा कुठल्याही कंपनीचा असू द्या, आमच्या पेटीत बसतो.

आपला नोंदणीकृत, पडताळणी झालेला, तरीही अंधारातला,
एक ग्राहक