पीटीचे सर

गेवराईत पीटीच्या सरांच्या बोटांना कायम चुना लागलेला असतो. नवखा माणूस तो बघून आपुलकीनं तंबाखूची पुडी पुढं करतो आणि सर भडकतात. तो चुना खायचा नसतो, ती मैदान आखायची फक्की असते. शिपाई आखून देत नाही का, असं मात्र त्यांना विचारू नये. शिपायानं मारलेली रेघ हापशापर्यंत सरळ जाते आणि तिथून पुढं तिच्या नशिबात असेल तिकडं.

हा माणूस तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत सापडतो. वर इस्त्रीचा शर्ट, खाली ट्रॅकपँट, म्हणजे साहेब अचानक आले तरी निम्मं अंग तयार. प्रार्थनेची रांग त्यांची, 26 जानेवारीची परेड त्यांची, खिचडीच्या तांदळाचं पोतं उतरवून घ्यायचं तेही त्यांनीच, निवडणुकीची ड्युटी तर पहिली त्यांना. फक्त पीटीचा तास त्यांचा असेलच असं नाही. "पोर्शन राहिलाय हो, आजचा तास देता का?" असं गणिताचे सर दर आठवड्याला म्हणतात. "कवायत राहिलीय, भूमितीचा तास देता का?" असं कुणी गणिताच्या सरांना विचारल्याचं अजून कानावर आलेलं नाही.

त्यातून तास मिळालाच, तर पोरं साठ आणि चेंडू एक. सरांचा जीव खो-खोत. 27 मीटर लांब, 16 मीटर रुंद मैदान ते डोळे मिटून आखतील. पण खो-खोत एका वेळी एका बाजूचे नऊच गडी, बाकीच्या पोरांनी काय सराटे मोजायचे? म्हणून सगळ्यांसाठी एकच खेळ. चेंडूला लाथ हाणायची आणि लिंब, हापसा, झेंड्याचा कठडा असं पळून घरी यायचं. तेवढ्यात कुणी चेंडू अंगावर मारला की बाद. अमेरिकेतल्या शाळांत असाच किकबॉल खेळतात, हे सरांना एका पुतण्यानं मोबाइलवर दाखवलं. सरांनी पूर्ण बघितलं आणि एवढंच विचारलं, "यांच्याकडं हापसा कुठंय?"

खेळ वीस मिनिटांचा, त्यातली दहा नियमांना. सरांचा एकही नियम पुस्तकातला नाही. प्रत्येकामागं कुणाचं तरी टेंगूळ आहे.

पहिला नियम, कंबरेच्या खालीच मारायचं. ऐकायला सोपा, पण पाचवीतल्या पोराची कंबर नेमकी कुठं सुरू होते यावर एकदा अख्खा तास गेला. शेवटी सरांनी निकाल दिला, "चड्डीच्या नाडीखाली." तेव्हापासून पोरं पळायच्या आधी चड्डी छातीपर्यंत ओढतात की खाली सारतात, यावरून कोण हुशार आहे ते कळतं.

दुसरा, हापशाला हात लावायचा नाही. एकाचा दात दांड्यावर आपटला आणि सरांनी हापशाला फक्कीचं रिंगण घातलं. रिंगणात पाय पडला की पुरे. मार्चनंतर उन्हानं ते लोखंड असं तापतं की नियम सांगायची गरजही उरत नाही.

तिसरा, खेळाआधी सगळ्यांनी हातभर अंतरावर रांगेत उभं राहून मान खाली घालून मैदान पार करायचं. सराटे, बाभळीचे काटे, काचा वेचायच्या. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला भेगा पडतात. ज्या भेगेत बोटं जातात, तिच्याभोवती फक्की. मे जवळ आला की मैदानावर जमीन कमी आणि फक्की जास्त दिसते. चपला एक तर सगळ्यांनी घालायच्या, नाही तर सगळ्यांनी काढायच्या. अनवाणी पायावर बुटाचा पाय पडला की पुढं काय होतं, ते पोराच्या आधी त्याची आजी शाळेत येऊन सांगते.

चेंडूत हवा अर्धीच. सर अंगठा दाबून बघतात. अंगठा पेरभर आत गेला पाहिजे. टम्म फुगवलेला फुटबॉल पोटात बसला की लेकरू ओय म्हणायचंही विसरतं. पोरं "सर, हवा भरा की!" म्हणून पाठीस लागतात. हवा भरायची सुई मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली कुणाकडं आहे, हा वेगळा विषय. पण किल्ली सापडली असती तरी सरांनी अर्धीच भरली असती, यावर माझा विश्वास आहे.

नियमांना फाटे फोडणारेही असतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये अडथळे आणि पाणी ओलांडत पळतो, हे एका पोरानं वाचलं आणि कुंपणालगतची नाली ओलांडायची परवानगी मागितली. "आपल्याच जिल्ह्याचाय ना सर?" सर म्हणाले, "त्याच्यापुढं पाणी असतं. तुझ्यापुढं गटार आहे. माघारी फीर."

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, आणि कर्णधार प्रियांका इंगळे निघाली केज तालुक्यातल्या कळंब अंब्याची. मग काय! आठवडाभर स्टाफरूममध्ये सरांना आधी चहा. गणिताच्या सरांनी स्वतःहून एक तास देऊ केला. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी लागली आणि चहा पुन्हा ज्येष्ठतेनुसार फिरायला लागला.

चौथा नियम सगळ्यांत कडक आहे. भिंतीपलीकडं, रस्त्यावर गेलेला चेंडू सरांनीच आणायचा. एरवी पोरांना आणायला सांगतील असं काहीही सर स्वतः आणत नाहीत, डस्टरसुद्धा. रस्त्यावर मात्र स्वतः जातात, शिट्टी तोंडात धरून, आणि येईल ते वाहन थांबवतात. दसऱ्यानंतर असाच एकदा ट्रॅक्टर थांबवला. ऊसतोडीला निघालेला, मागं दोन ट्रॉल्या. त्यात माणसं, भांडी, शेळ्या, सरपण. मागच्या ट्रॉलीत हंड्यांवर त्यांच्याच संघातला एक गडी बसला होता. चेंडू चाकाखाली बघून त्यानं थेट उडी मारली.

"खाली कशाला उतरलास रं? नियम काय आहे?"

"सर, म्या आता शाळंत न्हाई ना."

"कॅटलॉगात नाव आहे तुझं. वर बस."

पण वर बसायच्या आधी त्यानं चेंडू अशी लाथ घालून आत धाडला की तो लिंब ओलांडून ऑफिसच्या पत्र्यावर पडला. ट्रॅक्टर गेला. भिंतीआड कालवा सुरूच, कारण खेळणारा गडी तेवढ्यात घरी पोहोचला होता आणि त्याच्याबरोबर ट्रॉलीतल्याचीही एक धाव त्यांच्या बाजूनं मागितली होती.

"सर, त्यो बाहेर होता! त्याची धाव कशी धरायची?"

"हजेरीत नाव आहे तोवर धरायची."

"असा नियम नव्हता सर!"

"आता झाला," सर म्हणाले, आणि पत्र्यावरचा चेंडू काढायला शिपायाकडं शिडी मागायला गेले.