खिळेपंडित

ऑगस्ट सरत आला की इंग्लंडच्या सफोक परगण्यातली गव्हाची शेतं कापून होतात आणि नांगर फिरेपर्यंतचे काही दिवस नुसती धसकटं मिरवत पडून राहतात. अशा शेतात रविवारी सकाळी सात वाजता एक गृहस्थ हटकून दिसतो. कानांवर हेडफोन, गुडघ्यांना पॅड, कमरेला पिशवी, पाठीला फावडं. हातात लांब दांडी आणि तिच्या टोकाला ताटाएवढी तबकडी. ती तबकडी जमिनीलगत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत तो एकेक पाऊल पुढे सरकतो. दुरून पाहणाऱ्याला वाटावं, यानं अख्ख्या शेताला इस्त्री करायचं कंत्राट घेतलंय.

हा डिटेक्टरवाला. मेटल डिटेक्टर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर मॉलच्या किंवा मोठ्या देवळाच्या दारातली चौकट येते. ती येणाऱ्या प्रत्येकाला बघून वाजते आणि ती वाजली म्हणून कुणीही थांबत नाही. इंग्लंडातला हा गृहस्थ मात्र यंत्र वाजलं की थांबतो, गुडघे टेकतो आणि खणतो. त्याच्या सगळ्या कहाणीचं मूळ या एवढ्याशा फरकात आहे.

व्यवसायानं तो निवृत्त इलेक्ट्रिशियन असतो, पोस्टमन असतो किंवा ट्रकचालक. आपल्याकडे पायाने जन्मलेल्या, म्हणजे पायाळू माणसाला भुईतलं गुप्तधन दिसतं अशी समजूत होती. त्याच्या डोळ्यांत अंजन घातलं की काम झालं. इंग्रजाच्या नशिबी अंजन नाही, त्यामुळे त्याला आठ-नऊशे पौंड मोजून यंत्र घ्यावं लागतं. ते घरात आलं त्या दिवशी बायकोनं फक्त एक प्रश्न विचारला. २००९ साली स्टॅफर्डशरमध्ये टेरी हर्बर्ट नावाच्या माणसाला अँग्लो-सॅक्सन काळातलं जवळपास चार किलो सोनं सापडलं, ते अडीच पौंडांत घेतलेल्या जुन्या यंत्रानं. "मग तुला नऊशेचं कशाला?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

पहिल्या दिवशी यंत्र खणखणीत वाजलं. पडद्यावर नव्वदीतला आकडा आला. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की वरचे आकडे चांदीचे आणि तांब्याचे, तळातले लोखंडाचे. सोनं मधेच कुठेतरी, चॉकलेटच्या चांदीच्या शेजारी आणि बिअरच्या डब्याच्या कडीला खेटून. नव्वद म्हणजे चांदीच! त्यानं थरथरत्या हातांनी वीतभर खणलं. निघाली घोड्याची नाल. दुसऱ्यांदा वाजलं, निघाला वॉशर. तिसऱ्यांदा बाटलीचं पत्र्याचं झाकण. चौथ्यांदा, पाचव्यांदा आणि नंतर मोजायचं सोडून दिलं तोवर, खिळे. गंजके, वाकडे, डोकं नसलेले, नुसतंच डोकं असलेले. संध्याकाळी कुंपणापाशी शेतकरी भेटला. त्यानं डिटेक्टरवाल्याला जो प्रश्न अख्खं इंग्लंड विचारतं तोच विचारला, "काय, सोनं सापडलं का?"

यात यंत्राची फारशी चूक नसते. तबकडीतून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं आणि वाटेतल्या धातूत विजेचे बारीक भोवरे उठवतं. त्या भोवऱ्यांचं उलट उत्तर किंचित उशिरा परत येतं, आणि तो उशीर मोजून यंत्र आकडा सांगतं. चांदीचं उत्तर सरळ असतं. लोखंड मात्र वीजही वाहून नेतं आणि स्वतः चुंबकासारखंही वागतं, म्हणजे एकाच तोंडानं दोन साक्षी देतं. छोटासा सरळ खिळा असेल तर चुंबकाची साक्ष वरचढ ठरते आणि यंत्र 'गुर्र' करून मोकळं होतं. पण लोखंड कडीसारखं गोल असलं, पत्र्यासारखं सपाट असलं किंवा नुसतं मोठं असलं की त्यात भोवरे मोकळेपणी फिरतात आणि ते बेधडक चांदीची बतावणी करतं. साधा खिळासुद्धा टोकाशी 'टिंग' करतो. त्यात तो गंजलेला आणि जमीन ओली असेल तर विचारायलाच नको.

या फसवणुकीची परंपरा मोठ्या घरातली आहे. जुलै १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात नेमकी कुठे अडकलीय हे डॉक्टरांना कळेना. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल स्वतः बनवलेलं धातुशोधक यंत्र घेऊन हजर झाले. इतर जखमींवर यंत्र नीट चाललं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या अंगावर धरलं की जिकडेतिकडे वाजायचं. मागाहून कळलं की गादीखाली पोलादी तारांची आणखी एक गादी होती. शिवाय मुख्य डॉक्टरांना गोळी उजव्या अंगाला आहे अशी खात्री असल्यानं त्यांनी बेलसाहेबांना डावीकडे शोधूच दिलं नाही आणि गोळी होती डावीकडे. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. डिटेक्टरवाल्याला ही गोष्ट फार आवडते. खिळ्यांची पिशवी रिकामी करताना तो बायकोला ती ऐकवतो. बेलसारखा माणूस जिथे फसला तिथे माझी काय कथा, असा एकूण सूर असतो. बायकोनं ती अकरा वेळा ऐकलीय.

दुसऱ्या महिन्यात त्याला यंत्रातलं एक बटण सापडतं. लोखंड बंद करायचं बटण. ते दाबलं की तळातले आकडे मुके होतात. काय ती शांतता! लग्नाच्या हॉलमधला बँड एकदम थांबावा तसं. तो दोन रविवार शेतातून राजासारखा हिंडतो. गुडघ्यांचे पॅड कोरडे राहतात.

तिसऱ्या रविवारी डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातला एक जुना जाणता त्याच्या मागोमाग त्याच शेतात, त्याच्याच पावलांवरून येतो आणि पहिल्या एडवर्ड राजाची चांदीची पेनी काढून दाखवतो. तेराव्या शतकातली, जेमतेम दीड ग्रॅमची, कागदाएवढी पातळ. दोन खिळ्यांच्या मधोमध पडलेली. खिळ्यांची गुरगुर बंद केल्यावर त्यांच्या सावलीतली पेनीही यंत्रानं गिळून टाकली होती. आणि आपला राजा तिच्यावरून दोनदा इस्त्री फिरवून गेला होता.

त्या रात्री तो जेवला नाही म्हणतात. (बायको म्हणते, दोनदा वाढून घेतलं.)

इथून पुढे खरी साधना सुरू होते. घरामागच्या हिरवळीवर तो एक फळी ठेवतो. फळीवर चार खिळे आणि त्यांच्या मधे एक नाणं. मग तबकडी आडवी, उभी, तिरकी, जलद, सावकाश फिरवून नाणं कुठून ऐकू येतं ते वहीत लिहितो. यंत्रातल्या सेटिंगची नावं त्याच्या बोलण्यात यायला लागतात. एका सेटिंगनं लोखंडाकडे यंत्राचा कल किती झुकवायचा ते ठरतं. कल जास्त ठेवला तर खिळे गप्प बसतात, पण खिळ्यापाशी पडलेलं नाणंही गप्प बसतं. कमी ठेवला तर दोन्ही बोलतात. यावर क्लबातले लोक शनिवारी पबमध्ये वाद घालतात. आपल्याकडे एखाद्या गायकाचा गंधार अतिकोमल की नुसताच कोमल यावर मैफिलीनंतर चहाच्या टपरीवर व्हावेत तसे हे वाद. निर्णय लागत नाही, बिअर संपते.

शेतातली त्याची चालही आता बदललेली असते. यंत्र वाजलं की लगेच फावड्याला हात घालत नाही. आधी तिथल्या तिथे तबकडी वीतभर हलवून बघतो. मग त्या जागेभोवती चक्क प्रदक्षिणा घालतो. नाणं गोल, त्यामुळे पूर्वेकडून ऐकलं काय आणि उत्तरेकडून ऐकलं काय, 'टिंग' सारखंच. खिळा लांबट, तो एका अंगानं 'टिंग' म्हणतो आणि काटकोनात वळून ऐकलं की 'गुर्र'वर येतो. आकडा स्थिर राहतो की माकडासारखा उड्या मारतो, ते बघायचं. मग नेमकी जागा दाखवणारं बटण दाबायचं. नाणं जिथे वाजतं तिथेच सापडतं. खिळा वाजतो एकीकडे, असतो चार बोटं पलीकडे. तबकडी उचलत न्यायची. कमरेपर्यंत आणली तरी वाजत असेल तर ते नाणं नाही, नांगराचा फाळ आहे.

एवढं सगळं करूनही शेवटी तो खणतोच. कारण खूप खोल गेलेलं नाणंही खिळ्यासारखंच अडखळत बोलतं, त्याचाही आकडा उड्या मारतो. म्हणजे चोर आणि साव दोघेही घाबरलेले असले की पोलिसाला जसे सारखेच दिसतात तसं. मग 'असलं तर?' हा दोन शब्दांचा मंत्र पुटपुटत तो गुडघे टेकतो. आणि खिळा.

पण हळूहळू एक चमत्कार घडतो. त्याच्या लक्षात येतं की ज्या शेतात यंत्र सकाळभर मिठाची गुळणी धरून बसतं तिथे नाणीही नसतात. खिळे आपोआप उगवत नाहीत. खिळे असतात तिथे कधीतरी घर होतं, घराला दार होतं, दारात माणूस होता आणि त्या माणसाच्या खिशाला भोक होतं. लाकडी घर जळतं, कुजतं, त्यातलं सगळं मातीला मिळतं, खिळे तेवढे उरतात. त्यामुळे जो माणूस वर्षापूर्वी खिळ्यांना शिव्या घालत होता तो आता शेतकऱ्याकडे परवानगी मागताना विचारतो, "तुमच्या कुठल्या रानात भंगार जास्त निघतं?" शेतकऱ्याला वाटतं, बिचारा फारच खालावला.

रोमन सैनिकांच्या चपलांच्या तळांना लोखंडी खिळे ठोकलेले असत. तसला एक बारीकसा खिळा तो आता चिमटीत धरून शतक सांगतो. लोहारानं हातानं घडवलेला चौकोनी खिळा, नालेचा खिळा, कारखान्यातला तारेचा खिळा, हे त्याला नुसत्या स्पर्शानं कळतात. स्कॉटलंडमधल्या इंचटूथिल इथली हकिगत सांगताना त्याचा गळा दाटून येतो. इ. स. ८६-८७ च्या सुमाराला रोमन सैन्य तिथला तळ सोडून निघालं. लोखंड शत्रूच्या हाती पडून त्याची हत्यारं होऊ नयेत म्हणून त्यांनी खड्डा खणून त्यात पावणेनऊ लाखांच्या घरात खिळे पुरले. ते १९६० च्या सुमाराला उत्खननात निघाले. इतरांना ही इतिहासातली गंमत वाटते. त्याला मात्र त्या खड्ड्यावर तबकडी धरली तर काय आवाज येईल, या विचारानं झोप लागत नाही.

घरातल्या शेडमध्ये त्याच्या लोखंडाच्या चार बादल्या आहेत. सोन्याचांदीचा सगळा ऐवज एका बिस्किटांच्या डब्यात मावतो आणि त्यातही निम्मी बटणं आहेत. इंग्लंडात १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे. कायद्याच्या व्याख्येतला खजिना सापडला की चौदा दिवसांत कळवावं लागतं. तो फॉर्म त्यानं फार पूर्वीपासून आणून ठेवलाय, कोराच आहे. आपल्याकडचा १८७८ चा कायदा याहून उदार. त्यात जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला कळवायचं. त्या हिशेबानं भंगारवाल्याच्या आजच्या भावात या चार बादल्यांसाठीही कलेक्टर कचेरीची पायरी चढावी लागली असती. एकदा बायकोनं बादल्या भंगारात द्यायचा विषय काढला. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं.

एरवी तो समंजस आहे. रात्रीच्या अंधारात परवानगीशिवाय शेतात घुसणाऱ्या चोरट्यांचा त्याला मनस्वी राग येतो. खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जात नाही. आणि सगळ्या डिटेक्टरवाल्यांप्रमाणे त्याचंही एक दैवत आहे. होक्सनी हे सफोकातलंच गाव. तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्यानं ओळखीच्या एरिक लॉज यांना यंत्र घेऊन शोधायला बोलावलं. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी लॉज हातोडी शोधत गेले आणि त्यांना रोमन काळातली १४,८६५ नाणी सापडली, शिवाय चांदीचे चमचे आणि सोन्याचे दागिने. त्यांनी थोडं काढलं, मग हात आवरला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. त्यामुळे उरलेला ठेवा पुरातत्त्वज्ञांना जागच्या जागी बघायला मिळाला. बक्षीस साडेसतरा लाख पौंडांचं ठरलं. हातोडीही सापडली. ती आज त्या खजिन्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विसाव्या शतकातली, साधी, लोखंडी.

गेल्या सप्टेंबरात आपल्या गड्यालाही असा फोन आला. शेतकरी म्हणाला, ट्रॅक्टरच्या जोडणीची पिन पडलीय, कडीवाली, जरा बघतोस का? तो अर्ध्या तासात पोचला. जाताना बिस्किटांचा रिकामा डबा घेतला, मोठ्यातला.

साडेतीन तास झाले. खिळे निघाले एकोणीस, ते त्यानं न पाहताच पिशवीत टाकले. ऊन उतरायला लागलं आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात यंत्र वाजलं. आकडा ब्याऐंशी. त्यानं तबकडी हलवली, ब्याऐंशी. काटकोनात वळला, ब्याऐंशी. प्रदक्षिणा पूर्ण केली, चारही बाजूंनी तोच गोड, गोल, निर्मळ आवाज. जागा दाखवणारं बटण दाबलं, बोट ठेवलं तिथेच. पबमधल्या कुठल्याही पंडितानं पैज लावली असती. त्यानं फावडं अलगद टेकवलं, मातीचं ढेकूळ उलथलं, हातानं कुस्करलं.

गोल कडी. त्या कडीला पिन.

शेतकरी भलताच खूश झाला. पाठीवर दणकून थाप मारली, नवीन पिन म्हणजे उगाच खर्च, चहा घेऊनच जा म्हणाला आणि घराकडे वळला. हा अजून गुडघ्यांवरच होता. रिकाम्या खड्ड्यावरून त्यानं तबकडी एकदा फिरवली, मग थोडं सरकून काटकोनात आणखी एकदा.