पोचा

सायकल पडली तेव्हा मी तिच्यावर नव्हतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरचा धक्का लागला, ती भिंतीवरून घसरली, हँडल गर्रकन फिरलं आणि ब्रेकच्या मुठीनं दांड्यावर पोचा पाडून ठेवला. बोटाचं पेर मावेल एवढा. मी पडलो असतो तर गुडघ्याला हळद लावून विषय संपला असता. सायकल पडली, म्हणून आठवडाभर घरात तोच विषय.

तसं पोच्यांचं आमच्या घराला वावडं नाही. आईच्या जर्मनच्या पातेल्यांपैकी एकही धड गोल नव्हतं. एक तर ओट्यावर ठेवलं की आधी डुगडुगायचं आणि मग बसायचं. तीस वर्षं त्यात दूध तापलं. उतू गेलं ते आमच्या दुर्लक्षामुळे, पोच्यामुळे नव्हे. "जर्मन काय आणि तुमची सायकल काय, शेवटी अ‍ॅल्युमिनियमच ना?" बायकोनं निकाल दिला. मला एवढंच सुचलं की पातेल्यावर बसून कुणी बोपदेव घाट उतरत नाही.

वडिलांच्या काळ्या सायकलीला असा प्रश्न पडलाच नसता. दांड्यावर टॉवेल गुंडाळून मी, कॅरिअरवर आई, पिशवीत आठवड्याची भाजी. एकदा ती खड्ड्यात गेली, चिमटा वाकला. सायकलवाल्यानं पाय देऊन तो सरळ केला, आठ आणे घेतले आणि चहा प्यायला निघून गेला. पोलाद असं वाकतं, सांगून वाकतं आणि बऱ्यापैकी समजूतही घालून घेतं.

अ‍ॅल्युमिनियमचा स्वभाव वेगळा. ते मला वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांनी जिन्यातच समजावलं. वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच. म्हणून नळ्या फुगीर करायच्या आणि भिंती पातळ ठेवायच्या. त्यातही चांगल्या फ्रेममध्ये नळी टोकांना, सांध्यापाशी जाड असते आणि मधे बारीक, मिलिमीटरच्या आगेमागे. आणि मुख्य म्हणजे पोलादाला सोसण्याची एक मर्यादा असते. त्या मर्यादेच्या आतले दणके कितीही बसोत, ते मनावर घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही. ते म्हणजे लग्नातला रुसका पाहुणा. प्रत्येक मानपानाची नोंद ठेवतो, तोंडानं काही बोलत नाही आणि एक दिवस ऐन पंगतीतून उठून जातो. "१९५४ साली कॉमेट विमानं हवेत फुटली, ती अशीच," इंजिनिअर म्हणाले. "हवेचा दाब रोज वाढायचा, रोज उतरायचा. पत्रा शिणला." मग माझ्या सायकलीकडे पाहून त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली.

ती रात्र वाईट गेली. त्यात मुलानं एक प्रयोग दाखवला. थंड पेयाचा रिकामा कॅन उभा ठेवला आणि मला त्यावर एका पायानं अलगद उभं राहायला सांगितलं. राहिलो! मग त्यानं दोन बाजूंनी दोन बोटं नुसती टेकवली आणि कॅनची चकती झाली. कॅनची भिंत केसाएवढी आणि माझ्या दांड्याची तिच्या दसपट, हे त्यानं नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मला झोप लागली असती.

शेवटी सायकल हातात धरून चौकातल्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. मी पोच्यावर बोट ठेवलं. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. सायकल उलटी केली, रॉकेलच्या फडक्यानं पुसली आणि हँडलपासून पेडलकडे येणारी तिरपी नळी खालून न्याहाळली.

"समोरून ठोकली तर इथं सुरकुती पडते. रंग उडतो. पोचा दिसतो म्हणून तुम्ही त्याच्याकडे बघता. चीर दिसत नाही, म्हणून ती बघायची असते."

मग त्यांनी प्रत्येक वेल्डिंगच्या कडेनं अंगठ्याचं नख फिरवलं, सुगरण चपातीचा काठ चाचपते तसं. मागच्या चाकाच्या आसाला दोरा बांधला, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं परत आणला आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोजलं. सारखं भरलं. पोच्याची पाळी सर्वांत शेवटी आली. तो उथळ होता, गोल होता, मधोमध होता, धारदार घडी नव्हती, रंगाला तडा नव्हता.

मी उगाच दांड्यावर टिचकी मारून पाहिली.

"माठ घेताय का?" काका म्हणाले. "ह्याचा आवाज फुटेपर्यंत चांगलाच येतो."

"ठोकून सरळ करून द्याल?"

"हात लावायचा नाही. एकदा दबलाय तो दबलाय. परत उलटा ओढला तर तडकेल. तिरप्या नळीवर असता तर मी तुम्हाला बसूच दिलं नसतं. आणि चीर निघाली तर वेल्डिंगला आणू नका, सरळ मोडीत काढा."

"म्हणजे चालवू?"

"चालवा. महिन्याला एकदा पुसा आणि बघा. आहे तेवढाच राहिला तर तो पोचा. वाढला तर आजार."

हा हिशेब मला पटला. माझी सगळी काळजी पोचा केवढा आहे याची होती. त्यांना तो काल केवढा होता हे जाणून घ्यायचं होतं. म्हणून घरी येऊन मी बारीक पेननं पोच्याभोवती एक रेघ ओढली आणि खाली तारीख घातली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चष्मा लावून, टॉर्च घेऊन मी दांड्यावर वाकतो, नख फिरवतो आणि रेघेच्या आतलं जग आतच आहे ना ते पाहतो. सायकल इतकी स्वच्छ नवी असतानाही नव्हती.

बायकोनं पहिल्यांदा ती तारीख पाहिली तेव्हा स्टीलच्या डब्यावर कोरलेली नावं वाचावीत तशी वाकून वाचली.

"तारीख घातलीत, पण 'कडून' कुणाकडून ते घालायचं राहिलं की."

स्कूटरवाला अजून सापडलेला नाही. जागा मोकळी ठेवली आहे.