स्टूल घेतलं का?

गाडीची मागची दोन चाकं ताकद लावतात आणि पुढची दोन नुसती वळतात, एवढ्यावरून एखाद्या माणसाची झोप उडू शकते, हे मला आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांमुळे कळलं. नाव सांगत नाही. गरजही नाही, हल्ली प्रत्येक सोसायटीत असा एक असतोच. खिशाला खिसा असलेली खाकी पँट, गळ्यात शिट्टी, मनगटावर उंची दाखवणारं घड्याळ. पुणं समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर आहे, ही माहिती आमच्या वॉचमनला त्यांच्याकडूनच मिळाली. पगार वाढला असता तर त्याला जास्त आनंद झाला असता, पण असो.

या गृहस्थांनी (व्हॉट्सॲपवर ते स्वतःला 'मोहीमप्रमुख' म्हणवतात, आपणही म्हणू) एक जुनी तेरा आसनी ट्रॅव्हलर घेतली आणि फोर बाय फोर करून घेतली. गाडी बिचारी जन्मभर वऱ्हाडं वाहत आणि अष्टविनायक करत आलेली. मागच्या काचेवरचा 'मोरया' अर्धवट खरवडलेला अजून दिसतो. म्हातारपणी तिला जंगलात पाठवायचं ठरलं.

सामान्य वाचकाला वाटेल, मागची चाकं फिरतातच, पुढच्यांना एक शाफ्ट जोडला की झालं. मोहीमप्रमुखांनाही असंच वाटलं होतं. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस बसवायची, तिथून पुढे वेगळा शाफ्ट काढायचा, आणि पुढचा मूळचा सगळा संसार उतरवून त्या जागी लिलावातल्या कुठल्याशा जीपचा, पोटात डिफरन्शियल असलेला ॲक्सल घालायचा. तो वर-खाली झाला की इंजिनच्या चेंबरला लागतो. म्हणून गाडी उचलायची, पाट्यांवर पाटे चढवायचे. गाडी उचलली की शाफ्टचे कोन बिघडतात आणि क्रॉस ओरडायला लागतात, ब्रेकच्या नळ्या आखूड पडतात, स्टिअरिंगचा दांडा तिरपा होऊन खड्ड्यागणिक गाडी आपल्याच मर्जीने वळते. या प्रत्येक टप्प्यावर मेस्त्रींचं एकच उत्तर होतं, "होतंय साहेब, करून टाकू."

त्यांनी करून टाकलंही. फक्त एक गोष्ट राहिली. पुढच्या आणि मागच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनच्या दातांचं प्रमाण सारखं लागतं. मेस्त्रींनी ते नाना पेठ पालथी घालून 'जवळजवळ सारखं' मिळवलं. जवळजवळ म्हणजे पुढची चाकं एक बोलतात आणि मागची दुसरंच. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळवून घेतं. डांबरावर घसरायला जागा नाही. तिथे पुढची चाकं जोडणारा लिव्हर टाकला की आधी टायर झिजतात, मग क्रॉस जातो, मग ट्रान्सफर केस. म्हणून डांबरावर चारही चाकांची ताकद वापरायचीच नाही. थोडक्यात, कोथरूडपासून चिखल सापडेपर्यंत ही गाडी पूर्वीइतकीच दोन चाकांची. तिच्या पोटात दोन-अडीच क्विंटल लोखंड मात्र जास्त झालं आणि डिझेलवाल्याचं भलं झालं.

हेही मी सोडून दिलं असतं. हौसेला मोल नसतं. पण या सगळ्या उचलाउचलीत गाडी दीड वीत वर गेली. दाराची पायरी पूर्वी गुडघ्याच्या खाली होती, ती आता कमरेला आली. इथे घोडं अडलं. गाडी कुठेही जाऊ शकते, पण गाडीत कुणी जाऊ शकत नाही.

म्हणून स्टूल आलं.

लाल प्लॅस्टिकचं, मधोमध भोक असलेलं, मंगल कार्यालयात आचारी ज्यावर बसून कांदे चिरतो ते. गाडीवर झालेल्या खर्चात एखादा गुंठा आला असता. स्टूल अडीचशे रुपयांत आलं. आणि आज त्या गाडीत सगळ्यात जास्त काम कुठला भाग करत असेल तर तो हाच.

प्रस्थानाचा विधी मी गॅलरीतून नेहमी पाहतो. मोहीमप्रमुख मागचं दार उघडून स्टूल काढतात, फरशीवर ठेवतात, डुगडुगतं का बघतात, खाली पुठ्ठा सरकवतात. मग सासूबाई. "आई, डावा पाय आधी. तो नाही, डावा." सासूबाई स्टुलावर चढतात, दाराची दांडी धरतात आणि तिथेच थबकतात, कारण इथून पुढे पाय आणखी उचलायचा असतो आणि साडी ही काही फोर बाय फोरसाठी बनवलेली नाही. आतून मुलगी ओढते, बाहेरून नातू ढकलतो, जावई स्टुलाचे पाय धरून ओणवे झालेले असतात. जावयाला सासूच्या पायाशी एवढा वेळ बसलेला मी दुसऱ्या कुठल्याही प्रसंगी पाहिलेला नाही. असं करत आठ-नऊ माणसं चढतात. मग खरा पेच येतो. शेवटी चढणाऱ्या माणसालाही स्टूल लागतं, आणि तो वर गेला की स्टूल खाली. ते उचलायला उतरावं तर परत चढायला स्टूल लागतंच. या कोड्यावर कुटुंबाचे दोन रविवार गेले. शेवटी स्टुलाच्या भोकातून नायलॉनची दोरी ओवली गेली. आता शेवटचा माणूस आत पोचला की विहिरीतून पोहरा ओढावा तसं स्टूल वर ओढून घेतो. मग ड्रायव्हरच्या सीटवरून मोहिमेची आरोळी उठते, "स्टूल घेतलं का?"

एकदा नव्हतं घेतलं. ताम्हिणीत चहाच्या टपरीवर राहिलं, आणि लक्षात आलं माणगावात. जेवायला गाडी थांबली, उतरणार कसं? मोहीमप्रमुखांनी उडी मारली, पँट तशीच होती. बाकीच्यांना वडा-उसळ खिडकीतून पोचवली गेली. सासूबाईंना जिथे जायचं होतं तिथे खिडकीतून जाता येत नाही, आणि त्या वेळी त्यांनी जावयाबद्दल जे उद्गार काढले ते कौटुंबिक वृत्तपत्रात छापण्यासारखे नाहीत. तेव्हापासून गाडीत स्टेपनी एक आणि स्टुलं दोन असतात. चिखलात मात्र दोन्ही कुचकामी. स्टुलालाही चार पाय असतात आणि चारही एकदमच रुततात. स्टूलसुद्धा डांबरी रस्त्यावरच चांगलं चालतं.

कायद्याचंही बघून घेतलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर असल्या बेकायदा बदलाला, दर बदलामागे, 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ट्रान्सफर केस, पुढचा ॲक्सल, वाढवलेले पाटे, कापलेला चासीचा आडवा, लोखंडी बंपर. पंचवीस हजार झाले आणि अजून मी छतावर चढलो नव्हतो. (चढणार कसा?) उद्या काही कमीजास्त झालं तर विमेवाले आरसी बुक आणि गाडी शेजारी शेजारी ठेवून बघतील आणि दोघांची ओळख नाही म्हणतील. अख्ख्या गाडीत कायद्याला धरून असलेली एकच वस्तू मला सापडली. स्टूल. ते गाडीला जोडलेलं नाही.

इथपर्यंत मी हसत होतो.

मग एक दिवस मोहीमप्रमुख लिफ्टमध्ये भेटले. चेहरा पडलेला. म्हणाले, "ती आमची वाडी होती ना, घाटमाथ्यावरची? गेली." माझ्या पोटात गोळा आला. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही नावं वाचलेल्या माणसाला भर पावसाळ्यात 'वाडी गेली' म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? मी विचारलं, "दरड?" ते म्हणाले, "छे हो. डांबर पडलं. आता कुणीही जातंय तिथे. स्पॉट बिघडला."

स्पॉट बिघडला! तिथे राहणाऱ्यांसाठी तो स्पॉट नव्हता हो. ते त्यांचं गाव होतं आणि त्याला रस्ता नव्हता. रस्ता नसणं हे त्यांचं साहस नव्हतं, त्यासाठी त्यांनी अर्ज केले होते, निवडणुकीच्या आधीच्या आणि नंतरच्या सगळ्या पुढाऱ्यांना चहा पाजला होता. दर पावसाळ्यात आतल्या पानावर दोन कॉलमी बातमी येते: अडलेल्या बाईला घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून, माणसांनी खांद्यावरून डांबरापर्यंत आणलं, कारण रुग्णवाहिका डांबर संपतं तिथे थांबते. कधी बाई वाचते, कधी मूल, कधी वाटेतच सगळं आटोपतं. आणि त्याच आठवड्याच्या रंगीत पुरवणीत, आमच्याच, दुसऱ्या कुणाच्या नव्हे, मथळा असतो 'वाट नसलेल्या वाटा: पावसाळी भटकंतीची दहा ठिकाणं'. दहातली निदान एक वाट झोळीची असते. दोन्ही पानं एकाच छापखान्यातून निघतात आणि एकाच रद्दीत जातात. 2023च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा मदतीची माणसं अंधारात, पावसात पायी चढून गेली, कारण यंत्रं वर नेण्याजोगा रस्ताच नव्हता. अशा ठिकाणांना 'अनटच्ड' म्हणणाऱ्या माणसाला मी एकदा झोळीच्या बांबूखाली खांदा द्यायला लावणार आहे. खाकी पँटसकट. घड्याळात उंची बघत बघत चढावं त्यांनी.

आणि ते पठारांचं काय लावलंय? साताऱ्याच्या सड्यांवर जांभ्यावर मातीचा थर तो केवढा, काही ठिकाणी बोटभर. त्यात पावसाळ्यात सीतेची आसवं फुलतात. एवढंसं निळं फूल, खाली धड मूळसुद्धा नसतं, किडे खाऊन जगतं. त्यावर चार टनांचं धूड, चारही चाकांची ताकद लावून, व्हिडिओसाठी दोनदा. चाकोरी उमटली की पुढची कित्येक वर्षं पाणी तिच्यातूनच वाहतं आणि उरलेली माती घेऊन जातं. वर व्हिडिओखाली लिहायचं, 'निसर्गाच्या कुशीत'. कुशीत असे जातात?

गाडीच्या कल्पनेला माझा विरोध नाही. रशियात 1965पासून फोर बाय फोर व्हॅन थेट कारखान्यातूनच निघते, आणि तिची रुग्णवाहिकाही निघत आली. चिखलातल्या, बर्फातल्या गावांत डॉक्टर पोचावा म्हणून. तिथेही हौशी असतीलच, पण निदान सुरुवात कशासाठी झाली ते सांगता येतं. आमच्याकडे फोर बाय फोर व्हॅन निघते ती हायवेच्या मॉलमधून कॉफी घेऊन.

मोहीमप्रमुखांचा आग्रह होता, एकदा या, मत बदलेल. गेलो. पाटणच्या पलीकडे कुठल्याशा वाडीचा कच्चा रस्ता, तांबडा चिखल, एका बाजूला ओघळ. मोहीमप्रमुखांनी खाली उतरून चिखलाची खोली काठीने मोजली, वर येऊन लिव्हर टाकला. पन्नास पावलं गाडी अशी गेली की मलाही क्षणभर भरून आलं. मग ट्रान्सफर केसमधून 'कट्ट' असा आवाज झाला आणि 'जवळजवळ सारखं' संपलं. गाडी रस्त्यात आडवी झाली. सासूबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले. त्यांना अनुभव होता.

अर्ध्या तासाने खालून वडाप आलं. बिनकाचांची जीप, मागचीच दोन चाकं चालणारी, आत पंधरा माणसं, मागे लटकलेली तीन, दुधाच्या किटल्या आणि एक करडू. ड्रायव्हर विशीतला, पायात स्लिपर. त्याने आमच्या गाडीला खालून वरून बघितलं.

"काय सायेब, कुठं निघाला?"

"असंच. रस्ता बघायला."

"कुठला?"

यावर मोहीमप्रमुखांकडे उत्तर नव्हतं. पोरगा गेला तो आमच्या आणि ओघळाच्या मधल्या चार बोटांच्या जागेतून, माणसं न उतरवता. वाडीत सवाऱ्या सोडून परत आला, दोर लावला, पाचशे रुपये सांगितले. दोर दोनदा तुटला. गाडी हलली नाही. सगळं लोखंड तिच्याच पोटात होतं. शेवटी आम्हीच त्याच्या जीपमध्ये बसलो, माणशी तीस रुपये. सासूबाई एका पावलात चढल्या.

निघताना पोराने मागे वळून ट्रॅव्हलरकडे पाहिलं आणि जरा काळजीने म्हणाला, "सायेब, गाडी तेवढी सोमवारच्या आत हलवा हां. खडीचं डंपर याचं हाईत. ह्या रस्त्याला डांबर मंजूर झालंय."